बरे झाल्याचा दाखला

परीक्षेत नापास होणारे मी पुष्कळ पाहिले, पण नुसतं परीक्षेला बसायला मिळावं म्हणून इतका घाम गाळणारा माणूस माझ्या आतेभावाखेरीज अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. फुलचूरला त्याचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. पाटीवर ‘कंबर-मणक्याचे तज्ज्ञ’ लिहायची त्याला भारी हौस, आणि त्यासाठी मुंबईच्या एका संस्थेची परीक्षा द्यावी लागते. तिच्या पात्रतेच्या अटींचा कागद त्याने चौकटीत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी टांगला. पेशंट त्यालाही हात जोडतात. एका आजीने हळदकुंकू लावल्यापासून तिसरी अट वाचताच येत नाही.

अमुक इतक्या तासांचा अनुभव हवा, ही पहिली अट त्याने अशी मनावर घेतली की त्याला लग्नाकार्याला बोलवायची सोय उरली नाही. जेवत्या पंगतीत मागून बोट खुपसून तो लोकांच्या पाठी ताठ करतो. माझ्याच लग्नात त्याने भटजींची आखडलेली मान मोकळी करायला घेतली. मान सुटली, मुहूर्त टळला. गोंदियाच्या बाजारात साड्या दाखवणाऱ्या शेठजींना “भैया, आपका बायाँ कंधा नीचे है” म्हणत त्याने गादीवरच पालथं निजवलं आणि माझी बायको साडीशिवाय घरी आली. ती अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

सगळं जमलं आणि गाडी अडली शेवटच्या अटीपाशी. पूर्ण बऱ्या झालेल्या दहा रुग्णांचे सहीनिशी दाखले हवे होते. बरे झालेले ढिगाने होते हो, पण आमच्याकडे ‘मी बरा झालो’ असं कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हटलं की दुखणं ऐकतं आणि परत येतं. भाताची रोवणी चालू असलेल्या चिखलाच्या बांधीत उतरून त्याने एका काकूंना विचारलं, “कंबर बरी झाली ना?” डोक्यावर पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, भलीमोठी पेंढी तोलत त्या म्हणाल्या, “थोडीशी दुखूनच राह्यली, बापू.” शेवटी, कागद मुंबईला जाणार, तिथलं बोलणं दुखण्याला ऐकू येत नाही, अशी समजूत घालून त्याने नऊ सह्या मिळवल्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दहाव्या सहीसाठी नागऱ्याला गेलो. तिथे एक म्हातारे शेतकरी एकटेच राहतात. मुलं सगळी नागपूरला. दर सोमवारी हा त्यांची कंबर बघायला जायचा. बाबाजींनी एकट्याने खाट उचलून अंगणात आणली, आम्हाला बसवलं, कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

“पुरा बरा झालो मनून लिवून देलो,” ते म्हणाले, “तं तू सोमवारी येशीन कायले?”

मी भावाला कोपराने ढोसलं. “अरे, येईन म्हण ना!”

त्याने कागद खिशात घातला. “खरी गोष्ट हाय, बाबाजी. थोडीशी अकड राह्यली अजून. झोपा पालथे.”

बाबाजी लहान मुलासारखे खुशीने पालथे झाले. परतताना मी चिडून म्हटलं, “वर्ष गेलं ना तुझं! काऊन असं केलं?”

“दादा, त्याईचं दुखणं गेलं कुठी?” तो म्हणाला. “खोटा दाखला कसा जोडू?”

त्या वर्षी अर्ज गेलाच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुलाही वाटतं का, असं त्याला विचारायला सोमवारी जावं, तर तो नागऱ्यालाच असतो.