कोर्स दोन वर्षांचाच आहे ना?

आमच्या कॉलेजात एमबीएच्या प्रवेशाच्या मुलाखती माझ्याकडे असतात. त्यामुळे मला किस्से जमवावे लागत नाहीत, खुर्चीत बसून राहिलं तरी पुरतं. प्रश्न दरवर्षी एकच, "एमबीए का करायचंय?" उत्तरही एकच, "लीडरशिप, सर!" खरं उत्तर चहा आल्यावर बाहेर पडतं.

*

शोएबच्या अब्बांचं छावणीत कपाटांचं दुकान. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "सच बोलूं सर? दुकान के बोर्ड पे एमबीए लिखना है."

"अरे, आधी प्रवेश तर मिळू दे!"

"बोर्ड तो लिख गया, सर!"

पहिल्या सेमिस्टरला पठ्ठ्या अकाउंट्समध्ये उडाला. अब्बा रागावले का, असं मी विचारलं. "नै सर. इत्ताच बोले, पेंटर के पैसे दे दिया मैं, अब पास तो होनाच पडता तेरे को!"

*

फर्दापूरचा गणेश शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेला. मॅनेजरनं विचारलं, "तारण काय देणार?"

"डिग्रीच ठेवून घ्या ना साहेब. मिळाली की लगेच आणून देतो!"

मॅनेजर पोट धरून हसला. कर्ज मंजूर झालं, पण घराच्या कागदांवर.

*

याच गणेशला कॅम्पस इंटरव्ह्यूत पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"बँकेत, साहेब. शेवटचा हप्ता भरायच्या रांगेत!"

नोकरी लागली.

*

वैजापूरच्या वैशालीनं मात्र चहाची वाट पाहिली नाही. उलट तिनंच मला विचारलं, "सर, कोर्स पूर्ण दोन वर्षांचा हाय ना? मधीच संपत नाय ना?"

शिक्षण चालू आहे तोवर घरात लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तिनं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. वडील कांद्याचे व्यापारी, शब्दाला पक्के.

*

दुसऱ्या वर्षी फी वाढली. पोरं गेटवर घोषणा देत होती, शोएब सगळ्यात पुढे. वैशाली लायब्ररीत वाचत बसलेली.

"तू नाही गेलीस?"

"वाढू द्या की सर. लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून चाललीय माझी फी. लई वाढली तरी चालंल!"

*

शेवटचा पेपर झाला आणि ती माझ्या केबिनमध्ये आली. "सर, एका विषयात मला नापास करता येईल का? सहा महिने तरी मिळतील."

वर्गात कायम पहिली येणारी पोरगी! मी नाही म्हणालो. माझ्या हातात ते नव्हतंच, तरी वाईट वाटलं.

*

निकाल लागला, ती पहिलीच आली. वडील पेढे घेऊन आले. तिचा चेहरा उतरलेला.

"जा, बाकीच्या सरांना पेढे देऊन ये," त्यांनी तिला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मी म्हणालो, "पोरीनं नाव काढलं तुमचं."

"व्हय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, ह्याच्यापुढं काय असतंय?"

"पीएचडी असते."

"किती वर्षं जातेत तिला?"

"चार-पाच तरी जातात."

"मग त्याचा फॉर्म द्या. लग्नाचे पैसे अजून उरलेत थोडे."