गौरीचा गुडघा आणि गोळाफेक

मंडळी, आत्ताच धुळ्याहून पाचोऱ्याला पोचलो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या लेकीने, गौरीने, आज तिथल्या मैदानावर पहिल्यांदा गोळा फेकला. सुरुवातीचे दोन जवळच पडले, कारण पाय रोवायला ती घाबरत होती.

मी फिजिक्स शिकवतो. पाय जमिनीला जितक्या जोराने रेटेल, तितक्याच जोराने जमीन त्याला उलट रेटते आणि गोळा लांब जातो. पण तो जोर गुडघ्यातूनच वर चढतो.

"पप्पा, पूर्ण जोर लावू?"

डॉक्टरांची परवानगी होती, तरी मी "नको" म्हणालो.

तिने ऐकलं नाही. गोळा लांब गेला आणि ती गुडघा धरून खाली बसली. मी धावलो.

"दुखत नाहीये पप्पा," ती रडत म्हणाली, "पायावर भरवसा आला."

मला अजून आलेला नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर "हो" म्हणाला असतात का?