एकही खाडा नाही

समोरच्या ब्लॉकमधल्या काकांची मला भीती वाटते. ते कधी ओरडत नाहीत. पहाटे पावणेसहाला आमची बेल दोनदा वाजवतात, एवढंच. माझी शुगर वाढलेली निघाली तेव्हा त्यांनीच मला ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर चालायची सवय लावली. लिफ्टची वाट बघतानाही ते जागच्या जागी पावलं टाकतात आणि मनगटावरच्या घड्याळात पावलांचा आकडा बघतात. मी कंटाळा केला की म्हणतात, "अरे, एक दिवस सुटला की माणूस सुटला. आठशे दिवस झाले, एकही खाडा नाही."

मंगळवारी आमच्यापुढे चालणारे एक आजोबा धाडकन पडले. काकांनी लगेच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता नीट सांगितला आणि मला म्हणाले, "तू त्यांच्या शर्टाची बटणं सोडव." आवाज अगदी शांत होता. पाय मात्र थांबले नव्हते. आजोबांच्या उशाशी ते जागच्या जागी चालतच होते.

अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर मी त्यांना हात जोडून सांगणारच होतो की काका, उद्यापासून बेल वाजवू नका. तेवढ्यात ते माझ्या बुटांकडे बघून समाधानाने हसले.

मी खाली पाहिलं. माझेही पाय चालूच होते.