उखाण्यावर मारलेली फुली

आमच्या घरात शिकलेला माणूस म्हणाल तर मीच, पास झाल्याचा छापील कागद माझ्याकडं हाय. घरात माणसं दोनच, आणि मला क ला काना का शिकवला तो दुसरीनं, जी नापास झाली.

मी गंगापूर रोडला एका सोसायटीचा वॉचमन. गेटला लागून खोली दिलीय, तिच्यात मी आणि बायको राहतो. मूळचे आम्ही कळवणच्या पलीकडचे. मी शाळेत गेलोच नाय असं नाय. रोज जायचो, कारण गुरं शाळेच्या मागं चरायची. बायको तेवढीपण गेली नाय. ती सोसायटीत चार घरी पोळ्या करते.

वॉचमनला लिहिता-वाचता येत नाय हे सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं, असं मला वाटायचं. येणाऱ्या माणसापुढं मी वही करायचो, तो त्याचं नाव लिहायचा, मी कपाळाला आठ्या घालून नीट बघायचो आणि "हां, जा" म्हणायचो. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांनी वहीत "भूत" लिहिलं. मी म्हणालो, "हां, जा." दुसऱ्या दिवशी आख्खी सोसायटी मला विचारत होती, भूत परत गेलं का.

गेल्या साली महापालिकेच्या शाळेतल्या एक मॅडम गेटवर आल्या. मोठ्या माणसांचा वर्ग काढायचा होता त्यांना.

"काका, इथं लिहिता-वाचता न येणारं कोणी आहे का?"

"हाय ना. आमची बायको."

आतून आवाज आला, "आणि तुम्ही काय वकील लागून गेला?"

झालं, दोघांची नावं लिहिली गेली.

संध्याकाळी वर्ग असायचा, पोरांच्या बाकावर. बसताना माझे गुडघे हनुवटीला लागायचे. बायको भराभर शिकली, मी बाकाशी झटापट करत राहिलो. मग ती घरी शिकवायची. सकाळी पोळपाटावर पीठ पसरायची आणि म्हणायची, काढा भ. मी बोटानं काढायचो. तो भ सोडून दुसरं काहीतरी निघायचं. ती त्याच पिठावर गोळा ठेवून पोळी लाटायची. माझे चुकलेले सगळे भ दुपारी मलाच खावे लागले.

वर्ग संपल्यावर परीक्षा. सगळीकडं एकच पेपर, एकाच दिवशी. वाचायचं वेगळं, लिहायचं वेगळं, हिशोबाचं वेगळं, आणि तिन्हीत पास व्हायला पाहिजे. बायको माझ्या पुढच्या बाकावर. मी मान लांब करून तिच्या पेपरात डोकावलो. पण तिनं लिहिलेलं मला वाचताच येईना, मग मी नाइलाजानं प्रामाणिक राहिलो.

मला तो कागद मिरवायला पाहिजे होता, बाकी काय नाय. तिचं तसं नव्हतं. तिच्या बचत गटाची सचिव लग्न होऊन मुंबईला गेली होती, आणि बायांनी ठरवलं होतं की आता जिच्याकडं पासचा कागद येईल ती सचिव. मीटिंगमध्ये उभं राहून मागल्या वेळेचं वाचून दाखवायचं, बँकेत जाऊन बोलायचं. आतापर्यंत हिचा मान सतरंजी अंथरायचा. हिनं तर पोळ्या लाटता लाटता मीटिंगची सुरुवात पाठ करून टाकली होती. "सर्व भगिनींचं स्वागत" एवढं म्हणायची आणि पोळी उलटायची.

निकाल आला. मी पास, काठावर. आणि ती लिहिण्यात दोन-तीन मार्कांनी राहिली.

मी पेढे आणून ठेवले होते. शहाणा माणूस असता तर डबा लपवला असता. मी आख्ख्या सोसायटीत वाटले. लोक विचारायचे, "आणि काकू?" मी म्हणायचो, "ती पुढच्या साली." घरी आलो तर म्हणाली, "वाटा, वाटा. माझ्या वाटणीचेपण वाटा." त्या दिवशी पोळी नेहमीपेक्षा जाड होती.

दोन दिवसांनी मॅडमनी शाळेत बोलावलं आणि तिचा पेपर पुढं ठेवला. एक फॉर्म भरायचा प्रश्न होता. चार ओळी. स्वतःचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, काम. पहिल्या ओळीत हिचं नाव, झकास. आणि दुसऱ्या ओळीपासून खाली पार तळापर्यंत हिनं उखाणा लिहिलेला.

"गुडघे दुखले तरी चुकली नाही शाळा, अमुकरावांचं नाव लिहिते, हसू नका बाळा."

अमुकच्या जागी मी. माझं नाव मी इथं सांगत नाय, तिनं एवढ्या कष्टानं लिहिलेलं मी फुकटात कशाला वापरू? तर गाव आणि काम यांच्या ओळी उखाण्यानं खाल्ल्या होत्या, म्हणून ते दोन्ही हिनं समासात बारीक अक्षरात उभे लिहिलेले. तपासणाऱ्यानं उखाण्यावर मोठी लाल फुली मारली होती. समासाकडं त्याचं लक्षच गेलेलं दिसत नव्हतं.

मॅडमना हसू आवरेना. "मावशी, नुसतं नाव लिहायचं होतं."

"नुसतं कसं लिहू? नुसतं कोणी घेतं का?"

"मग वडिलांचं लिहायचं ना."

"लग्न झालंय माझं," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, तपासणाऱ्याला बाळा म्हणालीस तू. साहेब असेल तो."

"साहेब असला तरी पोराच्याच वयाचा असेल."

मग मॅडमनी समजावून सांगितलं. अर्ज दिला तर वरती दुसरा माणूस पेपर हातात घेऊन परत तपासतो. गाव आणि काम बरोबर हाय, ते धरले तर मावशी पास होतील. पण मार्क कमीपण होऊ शकतात, आणि परत तपासून जे येईल तेच कायम. म्हणजे वाचण्यात आणि हिशोबात ती आता पास हाय, त्यालापण धक्का लागू शकतो. आणखी एक. इथल्या सगळ्यांचे पेपर एका गठ्ठ्यात बांधलेत. गठ्ठा उघडला की ते शेजारचे पेपरपण चाळून बघतात.

शेजारचा पेपर माझा होता.

वाटेत मी बायकोला म्हणालो, "कशाला उगाच अर्जबिर्ज? वरची माणसं तुझा उखाणा एकमेकांना वाचून दाखवतील. तुला बरं वाटेल का? पुढच्या साली बस की परत आरामात." मला तिची काळजी वाटत होती. म्हणजे असं मी तिला सांगितलं.

तिनं घरी येऊन पोळपाट मांडला. "सर्व भगिनींचं" ऐकू येईल म्हणून मी कान देऊन बसलो. नुसतं लाटणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर बसून मी विचार करायला लागलो. वॉचमनला विचार करायला वेळ लय असतो, सवय नसते. डोळ्यापुढनं ती फुली जाईना. आमच्या संसारात हिनं माझं नाव तोंडानं घेतलं ते लग्नात, आणि नंतर कधी बायांनी दारात अडवलं तर, तेवढंच. बाकी मी म्हणजे अहो, ऐकलं का, आणि भांडणात "हा माणूस". रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ही शेजारणीला कोपर मारायची आणि शेजारीण माझं नाव सांगायची. मला एकदा ताप चढलेला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारतायत पेशंटचं नाव काय, ही पदर तोंडाला लावून गप्प. मी ग्लानीत होतो, तरी मलाच उठून सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटची तब्येत चांगली दिसतीय.

आणि याच बाईनं पहिल्यांदा माझं नाव हातानं लिहिलं. कोण ऐकत नव्हतं, कोण बघत नव्हतं. सरळ लिहून मोकळी झाली असती तर कोणाला कळलं असतं? मीच कुठं माझं नाव लिहिलं तर एक अक्षर उडी मारून ओळीच्या वर जातं. तिनं लिहिलेलं माझं नाव माझ्यापेक्षा बरं होतं. त्याच्यावर फुली बसली, आणि त्याच नावाचा कागद मी खिशात घालून पेढे वाटत फिरलो.

बरं, माझ्या कागदाचं तरी काय होणार होतं? मला कोण सचिव करतंय? पास होऊनसुद्धा मी वही लोकांपुढंच करत होतो, कारण मी वाचेपर्यंत पाहुणा जेवून परत यायचा. कागद गेला तर माझी मिरवणूक जाईल एवढंच. तिचं आख्खं वरीस जाणार होतं. पुढच्या साली नव्या माणसांबरोबर परत अ आ ई, आणि तोवर गटात सचिव दुसरीच कोणीतरी. ही सतरंजी अंथरणार आणि दुसरीच्या तोंडून "सर्व भगिनींचं स्वागत" ऐकणार.

मार्क कमी झाले तर? हा विचारपण आला. पण मग लक्षात आलं, तिचे कमी होतील याची भीती मला वाटत नव्हती. कमी होण्यासारखं तिच्या पेपरात काय नव्हतंच. भीती वाटत होती ती सगळी माझ्या पेपरातली.

दुपारी ती कामावरनं आली. मी खुर्चीवरनं उठलो, टोपी काढली. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

"ऐक," मी म्हणालो. "मी ठरवलंय. तू अर्ज कर. माझा पेपर निघू दे. मला नापास करू दे. माझा कागद गेला तरी चालेल, पण तुझ्या..."

"दिला," ती म्हणाली.

"काय दिला?"

"अर्ज. सकाळीच मॅडमकडं देऊन मग पोळ्यांना गेले."

माझं भाषण अजून अर्धं बाकी होतं. ते तसंच तोंडात राहिलं.

"मला विचारलं नाय?"

"पेपर तुमचा हाय का?"

"लिहिला कोणी?"

"मी. मॅडमनी नुसता बघितला."

मी जरा जवळ सरकलो. "अर्जात पूर्ण नाव लिहावं लागतं. मधलं नाव?"

"लिहिलं."

"उखाण्यात?"

"सरळ."

मी म्हणालो, "सरळ? नुसतं? उखाणा न घेता?"

"एकदा घेतला ना परीक्षेत. दर कागदाला घ्यायला लग्न थोडंच लागलंय? आणि ती टोपी घाला, गेट उघडा. मागं गाडी कवापासनं वाजतीय."