ब्रेक ड्रमची भट्टी

आम्ही तिघे एखाद्या लग्नाच्या मांडवात भेटलो की आमच्या बायका आधीच खुर्च्या बदलून घेतात. आता भट्टीचे किस्से निघणार, हे त्यांना कळतं. एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यात मोरू तिसरा घुसवतो, आणि रामटेके गुरुजी दर वेळी म्हणतात, "असं नव्हतं झालं." मग तेच सगळं ते पुन्हा वेगळं सांगतात. आज गुरुजी इथं नाहीत, तेवढ्यात माझ्या पद्धतीनं सांगून घेतो.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. दिघोरीचा आमचा लोहार होळीच्या आधी वारला. त्याला मुलगा नव्हता. विळा शेवटायचा, म्हणजे धार काढून घ्यायची, फाळ ठोकायचा तर लोकांना तीन कोस चालावं लागे. मी तेव्हा भंडाऱ्याहून आयटीआय करून, फिटरचं सर्टिफिकेट घेऊन घरी बसलो होतो. बसलो म्हणजे म्हणायला. एका कारखान्यात वर्षभरापूर्वी मुलाखत दिली होती, ऑर्डर आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. पोस्टमन गावात शिरायच्या आधी मी गावाबाहेरच्या पांदणीपर्यंत जाऊन यायचो. घरातल्या दारांची बिजागरं काढायची, तेल घालायचं, पुन्हा बसवायची. आई म्हणायची, "अंड्यावर आलेल्या कोंबडीवानी फिरून राहिला हा."

एक दिवस मीच म्हटलं, आपण भट्टी करू. मोरूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे भंगाराला तोटा नव्हता. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे त्यांना आगीबद्दल सगळं माहीत होतं. लोखंड तापवून ठोकायचा अनुभव तिघांचा मिळून शून्य.

*

पहिली भट्टी घमेल्याची. बुडाला भोक पाडलं, आतून वारुळाची माती लिंपली, खालून पाइप जोडला. हवेसाठी सायकलचा पंप. गुरुजींचं म्हणणं, हवा ती हवा, कुठूनही येवो.

मोरू पाव तास पंप मारत होता. बनियन पिळून काढावं इतका घाम. कोळसे जरा लाल व्हायचे, दांडा वर गेला की काळे पडायचे. आत आम्ही एक खिळा ठेवला होता, बैलगाडीचा, बोटाएवढा.

शेवटी गुरुजी वाकले. त्यांनी तो खिळा दोन बोटांनी उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

*

मग कोणीतरी सांगितलं, ट्रकचा ब्रेक ड्रम चांगला, आयुष्यभर जळत नाही. पवनीच्या भंगारवाल्याकडे एक मिळाला. मी आणि मोरूनं तो पोत्यात घालून एसटीत चढवला. दोघांच्या मांड्यांवर अर्धा अर्धा.

कंडक्टर आला. पोत्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, आत काय आहे. सामान म्हटलं तर वेगळं तिकीट लागेल, म्हणून मोरू घाईनं म्हणाला, घरचं भांडं आहे.

कंडक्टरनं पोतं उचलून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"यात शिजवता काय?"

मोरू म्हणाला, "लोखंड."

कंडक्टर पुढच्या सीटवर गेला. उतरेपर्यंत तो आमच्याकडे परत आला नाही.

*

पंप गेला, आता पंखा हवा होता. तुपाच्या कनस्तराचा पत्रा कापून पाती केली, ती डब्यात बसवली आणि मोरूच्या एका जुन्या सायकलला पट्टा जोडला. सायकल स्टँडवर लावायची आणि नुसती पायडल मारायची. मी सायकलवर बसलो. मला धीर नव्हता, मी एकदम जोरात सुटलो.

पाती उलटी बसली होती. पंखा भट्टीत हवा घालायच्या ऐवजी भट्टीतली हवा ओढायला लागला. मोरू नेमका पंख्याच्या मागच्या तोंडाशी वाकून पट्टा पाहत होता. ठिणग्यांचा लोट त्याच्या तोंडावर आला. डोळे वाचले, पण डाव्या बाजूची मिशी गेली.

चौथ्या दिवशी त्याला मुलगी पाहायला करडी गावाला जायचं होतं.

उजवी बाजू काढून टाक, असं आम्ही दोघांनी त्याला समजावलं. तो तयार होईना. त्याच्या समाजात बाप असताना मिशी काढत नाहीत, आणि बाप समोर बैलांना वैरण टाकत होता. शेवटी तो अर्ध्या मिशीनंच गेला. मी सोबत होतो. पोहे आले, मुलगी आली, सगळे त्या मिशीकडेच पाहत होते. मुलीच्या मामानं घसा साफ करून विचारलं, चेहऱ्याला काय झालं. मोरूला खोटं सुचेना. त्यानं घमेल्यापासून सगळं सांगितलं, पात्यांसकट. मामाचं तोंड पडत गेलं. मला वाटलं, हे लग्न माझ्या पायडलनं मोडलं.

मुलगी तोवर खाली पाहत होती. तिनं मान वर केली.

"मंग आता पंखा सुलटा फिरते का?"

मोरू म्हणाला, फिरतो.

पुढच्याच महिन्यात लग्न झालं. मिशी तोवर आली होती.

*

ऐरण कुठून आणायची, हा प्रश्न गुरुजींनी सोडवला. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा होता, आंब्याला तारेनं टांगलेला. उन्हाळ्याची सुट्टी होती. गुरुजींनी तो उतरवून आणला, जून लागला की परत टांगू म्हणाले. जून लागला. आमचा हात बसायला लागला होता. गुरुजींनी शाळेत थाळी वाजवायला सुरुवात केली.

पण पोरांच्या कानात रुळाचाच आवाज बसलेला होता.

आषाढात एक दिवस शाळेत साहेब तपासणीला आले. मी शाळेमागच्या आमच्या छपरीत एक फाळ ठोकत होतो. फाळ सरळ होईना, मी चिडलो आणि लागोपाठ आठ-दहा ठोके घातले. सकाळचे अकरा वाजले असतील. दोन मिनिटांत शाळा रिकामी. चिखल तुडवत पोरं घरी गेली.

साहेबांनी विचारलं, शाळा सुटली कशी.

गुरुजी म्हणाले, "घंटा झाली."

साहेब आंब्याखाली जाऊन वर पाहून आले. तिथं नुसती तार लोंबत होती.

*

कापणी जवळ आली तशी गावानं आमच्यावर विश्वास टाकला. पहिले दोन विळे कौसल्याबाईचे. एक मी लालबुंद करून सरळ पाण्यात बुडवला. दुसरा, घाबरून, तसाच गार होऊ दिला. संध्याकाळी ती दोन्ही घेऊन परत आली.

"हा मोडते. हा वाकते. मले कापते असा पाहिजे."

त्या वेळी लोहाराची बायको सोनामावशी डोक्यावर सरपण घेऊन छपरीवरून जात होती. ती रोज जायची, कधी थांबली नव्हती. त्या दिवशी थांबली. तीस वर्षं तिनं नवऱ्यासमोर घण मारला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि आम्हा तिघांपैकी कोणाला आठवलं नव्हतं. तिनं मोळी उतरवली नाही. विळा पाण्यातून काढला की घासून चकचकीत कर म्हणाली, पुन्हा विस्तवावर धर, पिकलेल्या तनशीचा, धानाच्या काडाचा, पिवळा रंग चढला की लगेच बुडव.

"त्याच्या पुढं गेला का मेला," ती म्हणाली आणि चालू लागली.

*

आता शेवटचा. हा गुरुजीही बदलत नाहीत.

ऑर्डर आली. दिवाळीच्या तोंडावर, धान पिवळं पडलेलं, आणि मला तिसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. दोन वर्षं मी तिच्यासाठी पांदणीपर्यंत हेलपाटे घातले होते. निघायच्या दिवशी सकाळी छपरीवर गेलो, तर तीस-चाळीस माणसं विळे घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवसापासून कापणी. मोरू पंख्याच्या सायकलवर बसला होता. गुरुजी विळे मोजत होते. बाबांनी रस्त्यावर रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून ठेवली होती, ट्रंक वर चढवली होती.

दोन विळे करू, मग जाऊ, म्हणून मी बसलो. पहिल्याच विळ्याचा रंग तनशीच्या पुढे गेला.

सोनामावशी आली. या वेळी मोळी नव्हती. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"उठ तिथून, बाबू."

मी उठलो. ती ऐरणीसमोर बसली, लोहार बसायचा तसं. एक म्हातारा म्हणाला की बाई ऐरणीवर बसलेली गावानं पाहिली नाही. तिनं विळ्यासाठी हात पुढे केला. कोणी दिला नाही. हात तसाच राहिला. मग कौसल्याबाई उठली आणि तिनं आपला मोडका विळा त्या हातात ठेवला.

मावशीनं तो बाजूला टाकला. नव्या विळ्यासाठी मोरूच्या भंगारातला, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा सांडशीत धरून विस्तवात घातला. मोरूनं पायडल मारलं. तुकडा बाहेर आला तेव्हा पांढरट पिवळा होता. तिनं हातोडीनं जागा दाखवली, मी घण मारला. ती दाखवायची, मी मारायचो. पाचव्या-सहाव्या घावाला तो तुकडा वळायला लागला, आणि माझं अंग, जे दोन वर्षांत एका जागी राहिलं नव्हतं, ते कुठं आहे याचीही मला आठवण राहिली नाही.

बाबांनी रस्त्यावरून हाक मारली. "मनोहर, उशीर होऊन राहिला."

माझा घण वर राहिला. सगळी छपरी माझ्याकडे पाहत होती. मावशीनं मान वर केली नाही.

"लोखंड काळं पडून राहिलं," ती म्हणाली. "हात कायले थांबला?"

मी बाबांकडे पाहिलं. ते रेंगीतून खाली उतरले, बैल सोडून बाभळीला बांधले, ट्रंकेच्या मागून आपले दोन विळे काढले आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन बसले.