डाव्या बाजूचा आवाज

दत्तूअण्णा कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघत. खणाचं कापड, स्टीलचा डबा, लग्नाची पत्रिका. एकदा देवळातून आलेला नारळही त्यांनी उलटा केला होता, आणि नारळाची उलटी बाजू कुठली हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. हे माझे थोरले काका. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान, आणि त्या दुकानाच्या गादीवर अण्णा.

"सुलटी बाजू गिऱ्हाईकासाठी असते, उलटी आपल्यासाठी," असं ते म्हणत. दुसरं वचन याहून कडक होतं : "खळ धुतल्याशिवाय कापड कळत नाही, आणि माणूस धुतला तरी कळत नाही." बी.कॉम. होऊन मी त्यांच्या हाताखाली बसलो, तेव्हा त्यांनी मलाही उलटून बघितलं असणार. काय दिसलं ते बोलले नाहीत, पण बरीच वर्षं माझ्याकडे घड्या घालण्याचंच काम होतं, यावरून अंदाज येतो.

अण्णा दर तोंडानं सांगत, पण ठरवत कानानं. इरकल घ्यायला बायका आल्या की आपसांत कानडीत पुटपुटत : काठ छान आहे, पण महाग वाटतंय, सोडायला नको. अण्णा पाठ करून कपाट लावत बसत आणि सगळं टिपत. कुठं ताणायचं, कुठं सोडायचं, हे त्यांना त्या पुटपुटण्यातून कळे. दुकान त्यावरच चाललं होतं.

नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी हे बिनसलं. "आजकाल गिऱ्हाईक कुजबुजायला शिकलंय," अण्णा म्हणू लागले. "कुणीतरी शिकवलंय त्यांना." मग त्यांना सुमनकाकूचा संशय यायला लागला. ती मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलते, म्हणे. शेवटी पाळी माझी आली. "मी आलो की तुम्ही दोघं गप्प होता. काय शिजवायलाय? गादीवरनं उठवायचंय मला?" मी शपथ घेतली. शपथेवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण शपथ उलटून बघता येत नाही.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. विद्यानगरच्या घरातून नृपतुंगाच्या टेकडीपर्यंत दोघं रोज सकाळी जाऊ लागले, काकू त्यांच्या डाव्या हाताला. आठवड्यानं अण्णांनी जाहीर केलं, "ही रुसलीये. वाटेत अवाक्षर बोलत नाही. त्यापेक्षा वॉकमन घेतो, गाणं तरी ऐकीन." काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "घसा सुकेपर्यंत बोलते की हो मी. ह्यांनाच उत्तर द्यायला नको." माझा संशय मात्र दोघांवरही होता.

खरेदीला मला बरोबर घेतलं ते मशीनमधलं मला कळतं म्हणून नव्हे, तर घरी राहून मी काही शिजवू नये म्हणून. दुकानात अण्णा वॉकमन उलटा करत, सेलचा कप्पा हुंगत, मग तो कमरेला अडकवून दुकानाच्या पायऱ्या चढत-उतरत. टेकडी चढताना गायकाचा सूर हलला तर काय उपयोग? दुकानदार म्हणायचा, "छलो ऐत्री, अण्णावर." अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "चांगलं आहे असं न विचारता सांगतोय. म्हणजे काहीतरी आहे." आणि ते काहीतरी त्यांना दर वेळी सापडे. "डाव्या बाजूला आवाज कमी आहे."

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यातही तेच. "सगळा एका लॉटचा माल," अण्णांनी निकाल दिला. "हुबळीवाल्यांना भोळं समजून खराब लॉट इकडं उतरवलाय. धारवाडला बघू."

धारवाडच्या सुभाष रोडवरही डावी बाजू मंदच निघाली. त्या दुकानदारानं वैतागून हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. मला दोन्हीकडून सारखं ऐकू आलं. पण मी बोललो नाही. माझंच काहीतरी चुकत असणार असं वाटलं. आमच्या घरात राहिलं की ही सवय लागते.

अण्णांनी हेडफोन परत घेतला आणि सवयीनं उलटा केला. म्हणजे उजवी बाजू डाव्या कानावर, डावी उजव्या. ऐकलं. परत सुलटा केला. परत उलटा. आता वास्तविक उजवीकडून आवाज कमी यायला हवा होता. अण्णांचा हात डाव्या कानावर थांबला.

"तुला दोन्हीकडनं येतंय?" त्यांनी हळू विचारलं.

"होय, अण्णा."

त्यांनी घासाघीस न करता वॉकमन घेतला, तेव्हा मी खरा घाबरलो.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला उजव्या बाजूला बसवलं. नवलूर गाव मागं पडलं. मग म्हणाले, "म्हणजे ही रुसली नव्हती तर." थोड्या वेळानं, "आणि गिऱ्हाईकही कुजबुजत नव्हतं." आणि शेवटी, "बाजारात कळलं की अण्णाला ऐकू येत नाही, तर मी गादीवर बसून काय करू, विलास?" मला नावानं हाक मारून त्यांनी प्रथमच काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वॉकमन त्यांच्या अंगावर चढला. टेकडीवर, आणि दुकानात गळ्यातही. कुणाची हाक ऐकू आली नाही की लोक म्हणत, "अण्णावर गाण्यात आहेत." म्हाताऱ्याला या वयात शौक लागला म्हणून बाजार हसला, आणि अण्णांनी त्याला हसू दिलं. पुटपुटणं टिपायला त्यांनी मला शेजारी बसवलं. मी बोटानं त्यांच्या मांडीवर खूण करायचो, ते दर सांगायचे. घड्यांमधून माझी सुटका झाली.

पण संशय रक्तातच. एकदा मीही टेकडीवर बरोबर गेलो. काकू आता अण्णांच्या उजवीकडून चालत होती आणि चढ लागला तरी तिचं बोलणं थांबत नव्हतं. वर बसल्यावर अण्णांनी वॉकमन काढून ठेवला, तेवढ्यात मी तो उचलून उलटा केला. सेलचा कप्पा रिकामा होता.

"सेल घातले तर ही काय म्हणते ते उजवीकडनंही ऐकू यायचं नाही," अण्णा म्हणाले. "ठेव खाली. आणि हिला सांगू नको. डावीकडं खड्डे आहेत म्हणून हिला इकडं घेतलंय."

काकू पदरानं घाम पुसत होती. "होय की. फार खड्डे आहेत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलं, म्हणून विद्यानगरातल्या दुकानात एमपीथ्री प्लेअर बघायला गेलो. पोरगेल्या विक्रेत्यानं काडेपेटीएवढी वस्तू हातात दिली. मी ती उलटून बघितली. गाणं लावलं, तर उजवीकडून आवाज जरा कमी वाटला. लगेच ओठांवर आलं होतं, माल खराब आहे म्हणून. पण थांबलो, आणि इयरफोनचं डावं बोंड उजव्या कानात घातलं.

"अंकल, उलटं घातलंय तुम्ही," पोरगा म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो. "जरा माझी बाजू बघतोय."