काबेरुकाच्या टेकडीवरची गुरं

बाम्विने चित्रं काढायचा ती फक्त घरामागच्या टेकडीची. सकाळी दूध प्यायचा आणि जाऊन त्याच दगडावर बसायचा. "टेकडी काय पळून चाललीय?" बायको क्योमुहांगी विचारायची. रोज दारातून दिसते ती टेकडी भिंतीला कशाला लावायची, असं गाव म्हणे, आणि तेही खरंच म्हणा! पण एकदा तरी आपली टेकडी भिंतीवर टांगलेली चार माणसांनी बघावी, एवढी एकच हाव बिचाऱ्याला होती.

ती टेकडी गावातल्या बड्या काबेरुकाची. त्याच्या पोराची सोयरीक रुतारोच्या मुलीशी जुळत होती, आणि आमच्यात नवरीच्या बापाला गुरं द्यावी लागतात. व्याही यायच्या आत बैठकीत चित्र हवं म्हणून त्याने ते मागवलं आणि बघून तोंड वाकडं केलं.

"गुरं एवढीशीच?"

"आहेत तेवढी काढली, दादा."

"जीभ आवर! गुरं मोजतात का रे कधी? अपशकुन मेला! टेकडी भरून टाक."

गुरं मोजू नयेत, ही आमची रीत मोठी सोयीची. तिच्या आडोशाला काबेरुकाने जन्मभर श्रीमंती मिरवली.

पंचाईत अशी, की न पाहिलेली गाय बाम्विनेच्या हातून उतरेना. मग तो पलीकडच्या माळावर जाऊन बसला, तिथली गुरं डोळे भरून पाहिली आणि आणून टेकडीवर सोडली. कुणाची, ते विचारलंच नाही. शिंगं बघण्यात गढलेल्याला मालक दिसतो होय!

व्याही आले. दूध पिता पिता रुतारो चित्रापुढे गेला आणि थबकलाच.

"अरेच्चा! ही तर आमची बिहोगो! डाव्या शिंगाचा बाक बघा. आणि ही तिची कालवड! काय हो व्याही, आमच्या लेकीसाठी आमचीच गुरं देणार की काय?"

बैठक खो खो हसली. काबेरुकाला घाम फुटला. "जाळा ते चित्र!" तो ओरडला.

"जाळताय कशाला? आम्हाला द्या," रुतारो म्हणाला.

लग्न झालं, चित्र रुतारोच्या भिंतीवर चढलं. बाम्विने धावतच बघायला गेला. चित्रापुढे ही गर्दी! जो तो बिहोगोची शिंगं वाखाणत होता. बाम्विनेचा ऊर भरून आला.

"आणि टेकडी कशी वाटली?" त्याने हळूच विचारलं.

"कुठली टेकडी?" रुतारो म्हणाला.